दोन्ही डाव्याच

कापशीच्या सुलभाताई सातपुते हाताने चपला शिवून ऑनलाइन विकायच्या. पुण्याच्या रणधीर इनामदारांनी क्रेडिट कार्डावर चार हजारांचा जोड मागवला आणि महिन्याने बँकेत तक्रार ठोकली, "पार्सल मिळालंच नाही." कुरियरच्या कागदावर सही नव्हती. बँकेने सुलभाताईंच्या खात्यातून पैसे परस्पर काढून इनामदारांना देऊन टाकले.

आठ दिवसांची मेहनत पाण्यात! सुलभाताई तणतणत बँकेत गेल्या. मॅनेजरने इनामदारांना स्पीकरवर फोन लावला.

"असल्या लुटारूंची दुकानं बंद करा!" इनामदार गरजले.

सुलभाताईंनी राग गिळला. "नाही पोचल्या तेच बरं झालं, साहेब. चूक माझीच. खोक्यात दोन्ही डाव्या पायाच्याच चपला गेल्या होत्या."

"काहीतरी बरळू नका! महिनाभर मी काय दोन डाव्या घालून हिंडतोय?"

मॅनेजरने पेन खाली ठेवले.

"ऐकलंत ना, मॅनेजरसाहेब? टाका माझे पैसे," सुलभाताई कडाडल्या. "आणि इनामदार, पुन्हा खोटं बोललात, तर तिसरी चप्पल घेऊन मी स्वतः पुण्याला येईन. ती पायात घालायची नसेल!"