अळीचं पान आणि मावशीची वेणी

एक होती अळी. इटुकली, हिरवी, गुबगुबीत. अंगात पोट तेवढं मोठं, बाकी काही नाहीच.

द्वारकामावशीच्या गॅलरीत कडीपत्त्याची कुंडी होती. अळी तिथं राहायची. ज्या पानावर बसायची, तेच पान खायची. करकर करकर.

एके दिवशी मावशीनं कढी केली. सगळं ताक कढीत गेलं. मग फोडणीला हवा कडीपत्ता. मावशी आली, चटाक चटाक, सगळी पानं ओरबाडून गेली. फोडणी बसली चर्रर्र. झाडाच्या उरल्या नुसत्या काड्या.

आणि अळी? अळी पडली टुपकन. खाली मातीत.

पान गेलं. पोट ओरडायला लागलं. हसू नकोस, तुझंही असंच ओरडतं. पेल्यातलं ताक पी आणि ऐक.

अळी झाडाला म्हणाली,
"कडीपत्त्या कडीपत्त्या, पान दे.
पान मी मटकावीन."

कडीपत्ता म्हणाला, "ताक आण, मग पान देतो. आंबट ताक प्यायल्याशिवाय मला पालवी फुटत नाही."

कडीपत्त्याला ताकाची भारी चटक.

अळी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. स्वयंपाकघरात दह्याचं पातेलं होतं. त्यात रवी उभी होती, ढिम्म.

"रवीबाई रवीबाई, ताक दे.
ताक झाड पिईल,
झाड पान देईल,
पान मी मटकावीन."

रवी म्हणाली, "मावशीला आण, मग ताक देते. माझी मी कशी फिरू?"

अळी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. मावशी पाटावर बसली होती. गाल फुगवून.

"मावशी मावशी, रवी फिरव.
रवी ताक देईल,
ताक झाड पिईल,
झाड पान देईल,
पान मी मटकावीन."

मावशी म्हणाली, "फूल आण, मग रवी फिरवते. वेणीत फूल नसलं की माझा हात चालत नाही."

पानं ओरबाडताना कसा चालला, ते तिला विचारायचं नाही.

अळी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु. गॅलरीच्या कोपऱ्यात अबोली होती. नाव अबोली, पण एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. आज मात्र कळी मिटून बसलेली.

"अबोलीताई अबोलीताई, फूल दे.
फूल मावशी माळेल,
मावशी रवी फिरवेल,
रवी ताक देईल,
ताक झाड पिईल,
झाड पान देईल,
पान मी मटकावीन."

अबोली म्हणाली, "फुलपाखरू आण, मग फूल देते. कुणी बघायलाच येत नाही, तर नटू कुणासाठी?"

आता फुलपाखरू आणायचं कुठनं? अळी निघाली. लुटुलुटु... लुटु... लुटु. पाय दमले. पोट खपाटीला गेलं. कुंडीखाली एक म्हातारी गोगलगाय राहायची.

"गोगलगाईआजी गोगलगाईआजी, फुलपाखरू दाखव.
फुलपाखरू अबोलीवर बसेल,
अबोली फूल देईल,
फूल मावशी माळेल,
मावशी रवी फिरवेल,
रवी ताक देईल,
ताक झाड पिईल,
झाड पान देईल,
पान मी मटकावीन."

गोगलगाय हसली. तिचं हसूही हळूच. ओठापासून शिंगापर्यंत पोचायलाच किती वेळ गेला.

मग म्हणाली, "अगं वेडे, फुलपाखरू तूच. पोटभर खा, गुडूप झोप. उठशील तेव्हा पंख."

अळीनं मागं वळून पाहिलं. पंखबिंख काही नव्हते. तरी गेली अबोलीकडे.

"अबोलीताई, फुलपाखरू मीच. पण आधी पान, मग पंख."

अबोलीनं तिला खालीवर पाहिलं. "तू? भेंडीसारखी तू?"

"पंख फुटले की पहिली तुझ्याकडे येईन."

अबोलीला हसू फुटलं. हसता हसता कळी उमलली.

अबोलीनं फूल दिलं.
फूल मावशीनं माळलं.
मावशीनं रवी फिरवली, घुर्रर्र घुर्रर्र.
रवीनं ताक दिलं.
ताक झाड प्यालं, गटागटा.
झाडानं पान दिलं, कोवळं, पोपटी.
पान अळीनं मटकावलं. करकर करकर.

खाऊन खाऊन अळी टम्म फुगली. मग फांदीला चिकटली, हिरवी गोधडी अंगावर घेतली आणि झोपली. पानासारखीच दिसायला लागली.

तिथंच घोळ झाला.

मावशीला करायची होती आमटी. आली. चटाक. चटाक. हात गेला थेट गोधडीवर.

गोधडी हलली.

मावशीनं चष्मा लावला. पाहिलं. परत पाहिलं. मग चवड्यांवर चालत घरात गेली. त्या दिवशी आमटीत कडीपत्ता नव्हता. काकांनी विचारलं, फोडणीत काय विसरलीस? मावशी म्हणाली, "हळू बोला. लेकरू झोपलंय."

आणि एका सकाळी गोधडी उसवली. आतून कोण आलं? फडफड फडफड. फुलपाखरू.

गेलं आधी अबोलीकडे. पाहतं तर झाडावर फूल नाही. रोज एक फूल फुलायचं, रोज मावशी तोडायची. मग फूल कुठं?

फूल मावशीच्या वेणीत.

फुलपाखरू बसलं वेणीवर. फूल म्हणालं, "आलीस? मला वाटलं झोपूनच राहतेस." फुलपाखरू मध प्यालं. चुटुक चुटुक. पोटभर.

मावशी काय करत होती? काही नाही. ताठ बसली होती. दूध उतू गेलं भस्सकन, तरी हलली नाही.

जाताना फुलपाखरानं कडीपत्त्यावर एक अंडं ठेवलं. तेव्हापासून मावशी एकाच बाजूची पानं तोडते. दुसरी बाजू अळीची.

झाडाचं ताक झाड प्यालं, तुझं तू प्यालास. गोष्ट गेली पेल्याच्या तळाशी. ओठावर राहिली पांढरी मिशी, ती पूस बघू.