चोविसावा निबंध

घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं आणि गावाबाहेर एक मोठी निवासी शाळा होती. शाळेत मुलं मात्र गावची नव्हेत हो, लांबलांबची. पुढं परदेशी शिकायला जाणारी मुलं ती, म्हणून अकरावीला तिथं चक्क अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. गावकऱ्यांना याचं भारी हसू यायचं. आपलं गाव कुणी वसवलं हे विचारलं तर कुणाला धड सांगता येत नव्हतं, आणि इथली पोरं सातासमुद्रापलीकडच्या लढाया पाठ करत होती!

हा इतिहास शिकवायच्या खासनीसबाई. अकरा वर्षं झाली होती त्यांना. हुशार, टापटिपीच्या, घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्यांचा राग येणार आहे.

वर्षाच्या पहिल्या दिवशी बाई एक छापील कागद वाटत. वर्गाकडून अपेक्षा काय आणि गुण कसे मिळणार, ते सगळं त्यावर असे. मुलांनी सही करायची, घरच्यांची सही आणायची आणि कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायचा. घंटेनंतर आलेल्या निबंधाला शून्य, मग एक मिनिट उशीर होवो की एक दिवस. जे म्हणाल त्याला पुरावा हवा. पुरावा नाही तर गुण नाहीत. ज्यांच्यावर तो प्रसंग गुदरला त्यांच्यातल्या एकाचा तरी शब्द निबंधात यायलाच हवा, पत्र असो की जबानी. वेळेत दिलेला निबंध चाळीसच्या खाली गेला तर वर्गात सगळ्यांच्या देखत बसून एका तासात नवा लिहायचा; उशिराच्या शून्याला मात्र ही सवलत नाही. आणि लाल शाईनं एकदा पडलेला गुण बदलायचा नाही. बाईंच्या सख्ख्या आईनं येऊन सांगितलं तरी नाही, असं मुलं हळूच म्हणत.

निबंध टाइप करून, छापून द्यायचे. कुणाचा कुठला ते कळू नये म्हणून शाळेचे शिपाई दगडूमामा प्रत्येकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवत. गुण देऊन झाले की बाई भर वर्गात एकेक पट्टी फाडत, नाव वाचत आणि निबंध हातात देत. "माझ्याकडे वशिला चालत नाही," असं त्या अभिमानानं म्हणायच्या. ते खरंही होतं.

वर्गात चोवीस मुलं. तेवीस बाहेरगावची आणि एक गावातली, चैताली टेमकर. शाळेला जमीन गावानं दिली होती, म्हणून गावातलं एक मूल शाळा घेत असे. अट एकच, कुठल्याही विषयात नापास व्हायचं नाही. झालात की घरी. चैतालीच्या आधी घेतलेली तिघं अशीच घरी गेली होती. ही एकटी अकरावीपर्यंत तगली होती, आणि सगळं गाव तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

त्या वर्षीचा मोठा निबंध होता, अमेरिकेत यादवी युद्ध का पेटलं? वर्षाच्या गुणांतले निम्मे या एका निबंधाचे. सोमवारी नवाच्या घंटेला तो टेबलावर हवा होता.

नऊ वाजले, घंटा झाली. नऊ वाजून तीन मिनिटांनी चैताली धापा टाकत दारात आली. बोटं शाईनं काळी झालेली, छातीशी निबंध धरलेला.

"बाई, ऐका ना, तो प्रिंटर..."

"घड्याळ बघ," बाई म्हणाल्या.

तिनं बघितलं. "तीन मिनिटं झालीत, बाई."

"मग शून्य. जागेवर बस."

निबंध त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. चैताली गुपचूप जागेवर जाऊन बसली. तिनं निबंध दप्तरात ठेवला, आणि दप्तराचा बंद तीन वेळा लावला तरी तो नीट लागेना. शून्य म्हणजे नापास आणि नापास म्हणजे घरी, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं.  पण नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

पुढच्या रविवारी सकाळी, पट्ट्या लावलेला गठ्ठा घेऊन बाई तपासायला बसल्या.

बाईंचं एक नमुना उत्तर होतं. शाळेत आल्या त्या वर्षी स्वतः लिहिलेलं. अकरा वर्षं ते कपाटात होतं, आणि कपाटात जपून ठेवलेली गोष्ट चांगलीच असणार असं माणूस धरून चालतो. बाईंनी ते पुन्हा कधी उघडलंच नव्हतं. या वर्षी ते वर्गात भिंतीवर लावायचं त्यांच्या मनात होतं. कागद पिवळा पडला म्हणून ऑफिसातल्या पाटणकरबाईंना त्यांनी ते नव्यानं टाइप करायला दिलं होतं. टाइप करून टेबलावर ठेवलंय, असं पाटणकरबाई कधीच सांगून गेल्या होत्या. ते कुठं गेलं हे शोधायला मात्र बाईंना सवड झाली नव्हती.

तर बाई तपासत गेल्या. कुणाला बासष्ट, कुणाला सत्तर. मग एक निबंध असा आला की बाईंच्या कपाळाला आठ्याच पडल्या. काय ती भाषा! 'सर्वत्र असंतोषाचा वणवा पेटला.' कुठं पेटला? कुणी पाहिला? पुढं चार पानं तशीच. राज्यं भांडतात, पुढारी भाषणं ठोकतात, तारखांमागून तारखा येतात. आणि ज्यांना गुलाम करून राबवलं त्यांच्यापैकी एकाचाही शब्द नाही. बरं, वाक्यं तरी स्वतःची असावीत? तीही कुठंतरी वाचल्यासारखी वाटत होती. बाईंनी कपाळावर हात मारला. अठ्ठेचाळीस दिले, उचलेगिरीचे दहा कापले, आणि लाल शाईनं खाली लिहिलं, 'अडतीस. मोठमोठी वाक्यं, आत काही नाही. कुठूनतरी उचललेलं. लिहिणाऱ्यानं विषय समजून घेण्याची तसदीच घेतलेली नाही.'

लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं.

सोमवारी वाटप सुरू झालं. पट्टी फाडायची, नाव वाचायचं, निबंध द्यायचा. तेवीस मुलांना तेवीस निबंध मिळाले. आणि बाईंच्या हातात एक निबंध उरला. तोच, अडतीसवाला.

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. सगळ्यांच्या हातात निबंध होते. रिकामे हात फक्त एकीचे.

बाईंना जो धक्का बसला म्हणता! आपण नाकारलेला निबंध गठ्ठ्यात आला कसा? दगडूमामा हिच्याच गावचे. म्हणजे मामांना हाताशी धरून पोरीनं निबंध आत सरकवला? अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. 

"चैताली, उभी राहा."

ती उभी राहिली.

"उशीर केलास, तो केलास. आता फसवणूकही? हा निबंध गठ्ठ्यात कुणी घातला? आणि काय निबंध आहे! उचललेला! तुला लाज नाही वाटत?"

 चैतालीचा चेहरा पांढरा पडला.  पण वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला तो कागद तिला तोंडपाठ होता. हळू आवाजात ती एवढंच म्हणाली,

"बाई, पुरावा?"

"पुरावा? हा घे पुरावा!" म्हणत बाईंनी खसकन पट्टी फाडली. नाव वाचायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

पट्टीखाली लिहिलं होतं, 'नमुना उत्तर. मंदाकिनी खासनीस.'

बाईंनी पुन्हा वाचलं. पान उलटलं. दुसरं उलटलं. 'असंतोषाचा वणवा.' अरे देवा, हे तर आपलंच वाक्य! ते कुठं वाचलंय ते आता त्यांना कळलं.   आपण लिहिलं, आपणच नापास केलं आणि शिक्षा दुसरीला द्यायला निघालो.

त्यांनी दगडूमामांना बोलावून घेतलं. मामांना तर काही कळेचना. "टेबलावर जेवढे कागद होते तेवढ्यांना पट्ट्या लावल्या, बाई," ते म्हणाले. "कोऱ्या कोपऱ्याचा एकही नव्हता. सगळ्यांवर नावं होती."

बाईंनी चैतालीकडे पाहिलं. आठ दिवसांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते आत्ता कुठं त्यांच्या तोंडून निघालं.

"तुला त्या दिवशी उशीर का झाला होता गं?"

"शाई संपली, बाई. प्रिंटर एकच आहे ना. मी शेवटची होते. माझी तीन पानं निघाली. तेवढ्यात पाटणकरबाई घाईघाईनं आल्या, त्यांनी चार पानं छापून नेली, आणि माझं शेवटचं पान कोरं बाहेर आलं. नवी शाई भरायला वेळ लागला."

"कसली चार पानं छापली त्यांनी?"

 चैतालीनं बाईंच्या हातातल्या निबंधाकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. चार पानं होती.

बाई खुर्चीत बसल्या नाहीत, कोसळल्या. कुणीतरी मागच्या बाकावर फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाईंच्या मनात आलं, विषय बदलावा, घंटा होईपर्यंत काहीतरी शिकवावं, हे सगळं इथंच मिटवून टाकावं. पोरं काय, विसरतील. पण समोर ती मुलगी अजून उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

बाई उठल्या. त्यांनी तो लाल शाईतला शेरा मोठ्यानं वाचून दाखवला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. "आणि हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "उत्तरही आणि शेराही. चैताली, तुझ्यावर मी नाही तो आळ घेतला. माझं चुकलं. आणि ती तीन मिनिटं तुझी नव्हती गं, माझी होती. दे तुझा निबंध."

दप्तरातून निबंध निघाला. कोपरे दुमडलेले, शेवटच्या पानावर काळ्या बोटाचा ठसा.

"अडतीस म्हणजे चाळीसच्या खाली," बाई पुढं म्हणाल्या. "तेव्हा मला आता नवा निबंध लिहायचाय. चैताली, तू घड्याळ बघ."

आणि खासनीसबाई खरंच पहिल्या बाकावर बसल्या. मुलं बघतच राहिली. बाईंना वाटलं होतं, अकरा वर्षं शिकवतोय, वीस मिनिटांत होईल. कसलं काय! पहिलं वाक्य तीनदा खोडलं. राबवलेल्या माणसांतल्या एकाचा शब्द हवा, म्हणून पुस्तकांत शोधायला लागल्या, तर त्यातच पंधरा मिनिटं गेली. शेवटी मालकाच्या शेतावरून पळून आलेल्या एका बाईची जबानी सापडली. ती वाचताना तर त्या लिहायचंच विसरल्या. बोटं दुखायला लागली, घाम फुटला. एवढं सगळं आपण मुलांकडून मागत होतो? स्वतः एकदाही न करता?

घंटा झाली. बाई अजून लिहीतच होत्या. शेवटचा परिच्छेद अर्धाच झाला होता.

चैताली निबंध घ्यायला समोर येऊन उभी राहिली. बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि मान खाली घातली. नियम त्यांचाच होता. घंटेनंतर शून्य.

"किती वेळ हवाय, बाई?" चैतालीनं विचारलं.

अकरा वर्षांत हा प्रश्न बाईंनी एकाही मुलाला विचारला नव्हता.  त्या पुटपुटल्या, "तीन मिनिटं."

"घ्या," चैताली म्हणाली, आणि हात पाठीमागे बांधून थांबली.

बाईंनी ती तीन मिनिटं घेतली. कागदावर दोनदा डोळ्यांतलं पाणी पडलं, ते त्यांनी पदरानं टिपलं, पण निबंध पुरा केला. मग पाटणकरबाईंनी बाईंचा निबंध टाइप करून छापला, दोन्ही निबंधांवर दगडूमामांनी पट्ट्या लावल्या आणि निबंध मुख्याध्यापक गुप्तेसरांकडे गेले. सरांनी एकाला चोपन्न दिले, एकाला पंचाहत्तर. पंचाहत्तरवाली पट्टी फाडली तेव्हा खाली चैतालीचं नाव होतं. ती शाळेतच राहिली, आणि बारावी पुरी करूनच घरी गेली.

पुढच्या वर्षीच्या कागदावर बाईंनी पहिली ओळ नवी घातली. 'हा निबंध मी आधी स्वतः लिहिला आहे. मला बेचाळीस अधिक तीन मिनिटं लागली. कुणाला उशीर झाला तर कारण आधी विचारीन, शून्य नंतर.' बाकीचे नियम होते तसेच राहिले. लाल शाईतला गुण बदलायचा नाही, हासुद्धा. म्हणून ते अडतीस गुणांचं नमुना उत्तर, शेऱ्यासकट, त्या वर्गाच्या भिंतीवर लागलं आणि बाई निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलं.

तात्पर्य: जो नियम आपण स्वतः एकदाही पाळून पाहिलेला नाही, त्याच्यावर बोट ठेवून दुसऱ्याला नापास करू नये, आणि शिक्षा लिहिण्याआधी 'का?' एवढं तरी विचारावं.