गप्प बसणारा पहारेकरी

एका जंगलात ओढ्याच्या काठी चितळांचा एक कळप चरत असे आणि काठावरच्या उंबराच्या शेंड्यावर एक वानर बसत असे. वाघ दिसला की तो "खॅक्! खॅक्!" ओरडे आणि कळप क्षणात पसार होई. एरवी मात्र तो हूं की चूं करत नसे. एका दुपारी कळपाच्या म्होरक्याने वर पाहिले. वानर हनुवटीवर हात ठेवून गवताकडे टक लावून बसला होता.

"वा! आमचीच उंबरं खायची आणि आरामात बसायचं! कामाचा काही आवाज नको?" म्होरक्या म्हणाला.

"अहो, तो बघतोय म्हणून तर आपण मान खाली घालून चरतोय," कळपातली एक हरिणी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. वानरा, उद्यापासून मधूनमधून ओरडत जा. तू काम करतोस हे मला कळलं पाहिजे."

"दादा, उगाच ओरडलो, तर खरं ओरडेन तेव्हा पळणार कोण?"

"ते मला शिकवू नकोस!"

वानराने ऐकले. पहिल्यांदा तो ओरडला तेव्हा कळप धूम पळाला. मग नुसताच दचकू लागला. पुढे तर त्याचा आवाज ऐकून कुणी कानही हलवेना. ते पाहून वानरालाच धडकी भरली. कुणाला दोष न देता तो ओढ्यापलीकडे नीलगाईंकडे निघून गेला. म्होरक्याने त्याच्या जागी पोपट बसवला. पोपट दिवसभर म्हणे, "सगळं ठीक! सगळं ठीक!" म्होरक्या खूश झाला. "याला म्हणतात काम!"

आणि एके सकाळी, पोपटाचे "सगळं ठीक" चालू असतानाच, गवतातून वाघाने त्या हरिणीच्या पाडसावर झेप घेतली! मुलांनो, घाबरू नका, पाडस वाचले. पण त्याला वाचवताना हरिणीच्या मांडीवर पंजा बसला आणि ती कायमची लंगडी झाली. त्यानंतर कळपात मान खाली घालायची कुणाची छाती होईना. गवत पुढ्यात असून सगळे उपाशी राहू लागले.

शेवटी म्होरक्या ओढा ओलांडून गेला. "परत ये रे बाबा. सगळी उंबरं तुझीच."

"उंबरं तेव्हाही पोटभर होती, दादा," वानर गवतावरची नजर न काढता म्हणाला. "इथे नीलगाय मला एकच विचारते, 'काय दिसलं?' मी 'काही नाही' म्हणालो, की ती निवांत चरायला लागते."

वानर गवतावर नजर ठेवून गप्प बसला होता, आणि कितीतरी दिवसांनी म्होरक्याने तिथेच मान खाली घालून चार घास खाल्ले.

तात्पर्य : जाणकाराच्या कामाचा आवाज मोजू नये; ज्याच्या शब्दावर विश्वास नाही, त्याला पोटभर खाऊ घातले तरी तो टिकत नाही.