चौथऱ्यावरचं इरलं

ही फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा समुद्र गावाच्या आणखी थोडा जवळ होता आणि माणसं आभाळाशी एकेरीत बोलत.

खाडीकाठी एक मिठागरांचं गाव होतं. त्या गावातली एक मुलगी आभाळाची विद्या शिकायला दूरदेशी गेली होती. वारा कुठून येतो, ढग कसा भरतो, कसा रिता होतो, हे सगळं शिकून ती परत निघाली. होडीत बसल्या बसल्या तिने मनात चित्र रंगवलं होतं. आपण गावाच्या ढोलापाशी उभं राहू, दिसेल ते सांगू, लोक ऐकतील. कधी चुकलं तर विचारतील, "कुठे चुकलं गं?" मग आपण शोधू, आणि पुढच्या वेळी थोडं कमी चुकू. ती शिकली तिथे असंच होतं. तिथले गुरू आपली चूक दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मांडत आणि शिष्य त्या चुकीभोवती पंगतीला बसावं तसे गोळा होत.

गावात पोचल्यावर तिला ढोल दिसला. बाजारातल्या चौथऱ्यावर तो होता. पण त्याच्याशेजारी खुंटीला एक जुनं इरलंही टांगलेलं होतं; लहानपणी तिचं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. बांबूच्या कामट्यांवर पानं बसवलेलं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं ते पावसाळी पांघरूण.

"आत्या, हे इथे कशाला?" तिने विचारलं. आईवडिलांमागे आत्यानेच तिला वाढवलं होतं.

"चुकणाऱ्यासाठी," आत्या म्हणाली. "सांगितलेला पाऊस आला नाही, तरी इरलं. न सांगितलेला आला, तरी इरलं. ते घालून भर उन्हात चौथऱ्यावर उभं राहायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तांब्याभर पाणी ओतून म्हणायचं, 'घ्या तुमचा पाऊस!' तू लहानपणी पाहिलं नाहीस, कारण तात्या कधी चुकतच नाहीत."

तात्या म्हणजे गावाचे आभाळ पाहणारे. ते रोज सकाळी चौथऱ्यावर चढत, दाढीवरून हात फिरवत आणि ढोल वाजवून सांगत, "आज ढग येतील. थांबले तर बरसतील. निघून गेले तर ऊन पडेल."

आणि खरोखरच, रोज तसंच घडे.

"काय माणूस आहे!" लोक एकमेकांना म्हणत. "शब्द खाली पडत नाही."

मुलगी थक्क होऊन पाहत राही. तात्या बोलताना वर पाहतच नसत. ते समोरच्या लोकांचे चेहरे पाहत.

वैशाख आला. मिठागराच्या वाफ्यांमध्ये मीठ पिकलं. आणखी थोडं ऊन मिळालं की दाणा टपोरा होणार होता. गावाचं वर्षाचं पोट त्या पांढऱ्या वाफ्यांत उघड्यावर पडलेलं होतं. फळीने ओढून राशी घातल्या आणि गवताने शाकारल्या, की मीठ सुरक्षित. त्याआधी वळवाची एक सर आली, की सगळं पुन्हा खाडीत.

अशात एका सकाळी मुलीला डोंगरामागे ढग चढताना दिसले. वाराही फिरला होता. तात्यांनी नेहमीचं सांगितलं आणि ते खाली उतरले. ती धावत चौथऱ्यावर चढली आणि ढोलावर टिपरी मारली.

"उद्या पाऊस येणार! मीठ ओढून घ्या, राशी शाकारा! येणार म्हणजे येणारच!"

गावात एकच धावपळ उडाली. दूरदेशी शिकलेली मुलगी सांगते म्हटल्यावर निम्म्या गावाने कोवळं मीठ ओढलं. आत्याने तर आपला एकही वाफा ओढायचा ठेवला नाही. उरलेले बांधावर बसून म्हणाले, "बघू या."

दुसऱ्या दिवशी ढग आले, डोंगराला टेकले आणि आल्या वाटेने निघून गेले. दिवसभर असं ऊन पडलं, की आभाळ पुसून ठेवल्यासारखं दिसत होतं.

बांधावर बसलेल्यांचं मीठ चमचमत होतं. ओढणाऱ्यांच्या राशीत बारीक, ओलसर चुरा होता.

पुढच्या सकाळी गावाच्या कारभाऱ्यांनी खुंटीवरचं इरलं काढलं. "मुली, रीत आहे. राग मानू नको."

"राग नाही, कारभारी. पण मी का चुकले, ते कोणी विचारणार आहे का?"

"ते विचारायचं काय? चुकलीस, झालं!"

ती इरलं घालून उभी राहिली. पहिला तांब्या शेजारच्या आगरातल्या काकूने ओतला. तिने एक वाफासुद्धा ओढला नव्हता, तरी हसणं सर्वांत मोठं तिचंच. "घ्या तुमचा पाऊस! एवढ्या लांब जाऊन हेच शिकलीस का गं? हे तर माझी शेळी घरबसल्या सांगते!"

"विद्या वाटेत होडीत सांडली असेल!" कोणीतरी ओरडलं.

मुलगी डोळे मिटून उभी होती. पाणी अंगावरून ओघळत होतं, वरून ऊन भाजत होतं. लोकांच्या हसण्यापेक्षा तिला दुसरंच काही बोचत होतं. ढग दिसले होते, ते खरंच होते. वारा फिरला होता, तेही खरं. मग "येणारच" हा शब्द कुठून आला? तो आभाळात नव्हता. लोकांनी ऐकावं म्हणून तो तिने पदरचा घातला होता.

आणि लोकांनी हसू नये म्हणून तात्या तर सगळंच पदरचं सांगत होते, आभाळातलं काहीच नाही.

संध्याकाळी आत्या तिच्या पायांना तेल लावत म्हणाली, "माझं मीठ गेलं त्याचं मला काही नाही. पण त्या शेळीवालीने पाणी ओतलं ना, ते मी विसरणार नाही."

मुलीचं लक्ष मात्र दाराबाहेर होतं. खाडीवरचा वारा एकदम पडला होता. दाराशी ठेवलेल्या टोपलीतलं मीठ हवेच्या ओलीने हाताला चिकटत होतं. दक्षिणेला समुद्रावर एक काळसर पट्टी उठली होती आणि पाहता पाहता जाड होत होती. परवाचे ढग डोंगराकडून आले होते. ही पट्टी पाण्यावरून येत होती.

ती तशीच तात्यांकडे गेली. म्हातारा अंगणात बाजेवर बसला होता आणि त्याच पट्टीकडे पाहत होता.

"तात्या, तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग सकाळी सांगाल?"

"सकाळी सांगेन. ढग येतील, थांबले तर बरसतील..."

"तात्या! सगळ्यांत चांगलं मीठ अजून वाफ्यांत आहे!"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पोरी, तरुणपणी एकदा मी ते इरलं घातलंय. तू आज सकाळी घातलंस, तुला वाटतं दुपारी ते उतरलं. ते उतरत नाही. मीठ पुढच्या वर्षी पुन्हा पिकेल."

"म्हणून गप्प बसायचं?"

"गप्प कुठे बसतो? रोज ढोल वाजवतो की."

मुलीला रडू आलं आणि रागही. पण घरी परतताना तिच्या लक्षात आलं, की तात्या काही आपले आपण असे झाले नव्हते. एकेक तांब्या ओतून गावाने त्यांना असं घडवलं होतं. गावाला कधीही न चुकणारा माणूस हवा होता. गावाने तो मिळवला होता. आणि उद्या त्याची किंमत मिठात मोजली जाणार होती.

मग तिचं काय होणार होतं? उद्या ती बोलली आणि चुकली, तर पुन्हा इरलं, आणि मग या गावात तिचा ढोल कोणी कधी ऐकणार नव्हतं. ती गप्प राहिली, तर हळूहळू तिलाही दाढीवरून हात फिरवल्यासारखं बोलायला जमलं असतं.

सकाळी बाजार भरला तेव्हा चौथऱ्यावर कोणीतरी आधीच उभं होतं. डोक्यावरून पाठीवर इरलं, हातात टिपरी.

"अगं, उतरव ते!" कारभारी ओरडले. "कालची शिक्षा काल संपली!"

"ही कालची नाही, कारभारी. आजची आहे. आधीच घातली."

लोक जमले. तिने ढोल वाजवला आणि ती म्हणाली, "दक्षिणेकडून ढग येतायत. आज पाऊस येईल असं मला वाटतं. माझी खात्री नाही. त्या दिवशी मी 'येणारच' म्हणाले, ती माझी चूक होती. आज 'वाटतं' म्हणते. वाफ्यात मीठ असेल त्याने ओढून घ्यावं."

"खात्री नाही, तर ढोल कशाला बडवतेस?" काकूने विचारलं.

"खात्री होईपर्यंत थांबले, तर तेव्हा ओढायला मीठ उरणार नाही, काकू! आणि तांब्या भरून ठेवा. चुकले तर मी इथेच आहे. उद्या दिसलं तर उद्याही सांगेन, परवाही सांगेन. तुमचं पाणी संपेल, माझं सांगणं संपणार नाही!"

कारभाऱ्यांचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. शिक्षा जिने आपणहून अंगावर घेतली होती, तिला आता आणखी काय घालायचं, ते त्यांना सुचेना.

तेवढ्यात आत्या खांद्यावर फळी टाकून गर्दीतून निघाली.

"तू कुठे गं?" काकू म्हणाली. "तुझं तर सगळं राशीत आहे!"

"माझं आहे. तुझं नाही ना? चल, तुझं ओढू. तुझी शेळी काही फळी धरणार नाही."

कोणीतरी हसलं. पण हे हसणं निराळं होतं. हसता हसता माणसं मिठागरांकडे वळली. आणि मग गर्दीच्या कडेला उभे असलेले तात्या काठी टेकत चौथऱ्यावर चढले. त्यांनी पहिल्यांदाच लोकांकडे पाहिलं नाही. मान वर केली, बराच वेळ आभाळ न्याहाळलं आणि ते म्हणाले, "मलाही पाऊस दिसतो. मीही चुकू शकतो. त्या इरल्यात दोघांना जागा होईल का गं?"

तिने इरल्याची एक कड उचलून धरली.

दुपारी पाऊस आला. राशी गवताखाली कोरड्या राहिल्या, आणि जे बांधावरून उठलेच नाहीत त्यांचे वाफे धुऊन गेले. पण मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तो आला नसता तरी ही गोष्ट इथेच संपली असती. कारण पाऊस यायच्या आधी, सकाळीच, त्या मुलीने ठरवलं होतं, की दिसेल ते रोज सांगायचं, आणि इरलं खुंटीला पुन्हा टांगायचंच नाही, आपणहून अंगावर ठेवायचं.

बोध: जे गाव चुकणाऱ्यावर पाणी ओततं, त्याला चूक कधी ऐकावी लागत नाही, आणि खरंही कधी ऐकायला मिळत नाही.