गोल पोथी

छातीच्या पिंजऱ्याआड, जरा डाव्या अंगाला, मुठीएवढं एक गाव होतं. नाव काळीज. आकसायचं, सैलावायचं आणि साऱ्या मुलखाला रक्त पोचवायचं, एवढंच त्याचं काम. पण जन्मापासून मरेपर्यंत सुट्टी नाही. तिथल्या घरांना पेशी म्हणत. घरोघरी भट्ट्यांची रांग असे. भट्ट्या पेटल्या तर गाव हलणार, नाहीतर सगळं थंड.

भट्टीवाले मूळचे गावचे नव्हेत. शिकलेले लोक त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, म्हणोत बापडे. फार पूर्वी ते बाहेरून आले, घरांनी त्यांना ठेवून घेतलं आणि ते इथलेच झाले. खाणं, चालीरीती सगळं गावचं घेतलं, फक्त आपली पोथी सोडली नाही. भट्टी कशी बांधायची ते त्या पोथीत असे. गावच्या पोथ्या लांब दोऱ्यात ओवलेल्या, यांची मात्र बांगडीसारखी गोल. आणि बाहेरून दरोडा घालायला येणाऱ्या जंतूंची पोथीही तशीच गोल.

म्हणून रीत ठरली होती. गोल पोथी भट्टीच्या भिंतीआडच ठेवायची. भट्टीला तडा गेला की ती पोथीसकट उतरवून जाळायची. शेजारचा भट्टीवाला आपली पोथी बघून नवी बांधून देई. पोथी अंगणात दिसता कामा नये, नाहीतर घरचा पहारेकरी तिला दरोडेखोरांची समजे.

एका घरात एक म्हातारा भट्टीवाला होता. तोंडाचा फटकळ, कामाला वाघ. त्याच्या भट्टीला तडा गेला.

घरमालकीण म्हणाली, "आजोबा, उतरवा आता ती."

"तुझ्या आजीला ऊब दिलीय हिनं. आधी मी मरेन, मग ही."

"मराल तुम्ही, निस्तरायचं मला."

म्हातारा हसला आणि फुंकत राहिला.

मग एके दिवशी गावाला रक्त पुरवणारा पाट चरबीच्या गाळानं तुंबला. भट्ट्या गुदमरल्या. बऱ्याच वेळानं गाळ निघाला, तसा रक्ताचा लोंढा एकदम घरात शिरला. धड भट्ट्या हादरून सावरल्या. म्हाताऱ्याची फुटली. गोल पोथी घरंगळत अंगणात जाऊन पडली.

पहारेकऱ्यानं ती भाल्याच्या टोकानं उचलली. "गोल आहे. दरोडेखोर शिरले." त्यानं टिपरू उचलून नगाऱ्यावर एक टोला हाणला.

नगारा वाजला की मशालवाले येत. ते कुणाचं घर हे न विचारता पेटवत सुटत. गल्लीच्या टोकाला धूर दिसू लागला. मालकीण दाराला धरून उभी राहिली. म्हाताऱ्याला शेजारच्या भट्टीआड दडता आलं असतं. तो अंगणात आला.

"टिपरू खाली ठेव. पोथी माझी आहे."

"तुझी? ही तर दरोडेखोरांची."

"आमचं त्यांचं मूळ एकच, नाही म्हणत नाही. पण दरोडेखोर लुटून पळतो. मी शंभर पिढ्या इथंच धूर खातोय. तू भाला पेलतोस तो कुणाच्या आगीवर?"

"नियम आहे. गोल दिसली की नगारा."

"नियम करणाऱ्याला भट्टी फुंकायला बसव मग. चूक झालीय, ती माझी. तडा दिसत होता, मी उतरवली नाही. शिक्षा मला कर. गल्लीला हात लावायचा तर आधी मला ओलांड."

पहारेकऱ्याचं टिपरू वरच्या वर राहिलं. म्हाताऱ्यानं भाल्यावरून पोथी ओढून घेतली. पोथी जळाली की त्याची भट्टी त्याच्या हातानं पुन्हा उभी राहणार नव्हती. त्यानं ती घरामागच्या उकिरड्याच्या आगीत टाकली आणि राख होईस्तोवर तिथंच उभा राहिला.

दुसरा टोला पडला नाही. मशाली मागे फिरल्या.

तरी पहिल्या टोल्यानं टोकाची तीन घरं गेलीच. तिथं आता नुसता कडक वण आहे. सारं गाव हलतं, तेवढा तुकडा हलत नाही.

पहारेकरी त्या वणाकडे बघत म्हणाला, "पण ओळखायचं कसं, आजोबा?"

"तोंड दिलंय ना देवानं? भाला टोचायच्या आधी विचारायचं, कुणाची म्हणून." एवढं बोलून म्हातारा शेजाऱ्याच्या भट्टीपाशी बसला आणि फुंकू लागला.

तात्पर्य एवढंच: आपलं फुटलं तर पुढं होऊन 'माझं' म्हणावं, आणि राखणदारानं नगाऱ्याआधी तोंड उघडावं, नाहीतर शत्रू नसतानाही गाव जळतं.