अनशीचं पाखरूफूल

मुळं सुकली नव्हती. सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली, असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वी, शिडाच्या होड्यांच्या काळात, माडगळ नावाच्या गावात अनशी नावाची एक सून नांदत होती. भित्री म्हणजे किती भित्री! नारळ पडला की दचकायची, मांजराने उडी मारली की दचकायची, चुलीतलं लाकूड तडतडलं तरी हातातलं भांडं सोडायची. पाणवठ्यावर बायका मुद्दाम तिच्या मागे जाऊन "भो!" करायच्या आणि पोट धरून हसायच्या.

तिचा नवरा धाकू तांडेल, म्हणजे गावच्या होड्यांचा म्होरक्या. एकदा तो मोठ्या गलबतावरून पूर्वेकडच्या बेटांवर जाऊन आला. येताना त्याने सोनं आणलं नाही, रेशीम आणलं नाही. नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या काथ्याळ सालीत, गुंडाळलेलं एक रोप आणलं. जिभेसारखी जाड पानं आणि उघडी, लोंबती मुळं. सासूने ते उलटसुलट करून पाहिलं.

"माती खंय ह्याची? माती नाय तर खाता काय ह्या झाड?"

"वारो खाता, आये," धाकू म्हणाला.

"मगे ऱ्हवांदे घरात. हय वाऱ्याक तोटो नाय!"

पण सासूला राहवेना. धाकू दर्यावर गेला, तशी तिने मायेपोटी रोप शेणखतात पुरलं आणि तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घातलं. रोप सडलं. एक पान तेवढं उरलं.

अनशीने ते मातीतून सोडवलं. काळी पडलेली मुळं कापून टाकली आणि परसातल्या आंब्याच्या खोडाला, सावलीच्या अंगाला, लुगड्याच्या चिंधीने ते बांधलं. मग ती नुसती बघत राहिली. भित्र्या माणसाचं लक्ष मोठं. बारीकसं काही बदललं तरी त्याच्या काळजात आधी धस्स होतं. तिच्या ध्यानात आलं, की कोरडी मुळं चंदेरी दिसतात आणि पाणी प्यायली की हिरवी होतात. चंदेरी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. द्यायचं ते सकाळी, आणि पानांच्या बेचक्यात थेंबही साचू द्यायचा नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मग एक दांडी आली आणि तिच्यावर पांढरी पाखरंच पाखरं येऊन बसली! महिने गेले तरी ती फुलं गळेनात. लांबलांबून लोक ते पाखरूफूल बघायला यायचे आणि अनशी दाराआड लपायची, असं म्हणतात.

तर त्या दिवशी मुळं सुकली नव्हती. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, आभाळ धुतल्यासारखं होतं, होड्या पहाटेच दर्यावर गेल्या होत्या. रोज ऊन आंब्याच्या शेंड्याला लागलं की मुळं चंदेरी व्हायची. आज ऊन अंगणात उतरलं तरी ती हिरवीगार, आणि पाणी तर तिने घातलंच नव्हतं.

"आये, मुळां सुकत नाय."

"काय गो, परत पाल पडली आंगावर?" सासूने जाळ्यातून मानही वर केली नाही.

"हवेत पाणी भरलाहा. वादळ येतला. होडये माघारी बोलवूक होये."

बायकांनी ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. "अगो, ढग तरी दाखव! बिनढगाचा वादळ तुझ्या माहेराक होता काय?"

अनशी एकटीच दर्यावरच्या उंच कड्याकडे धावली. ती वर पोचते तो दर्यावर धुकं उतरलेलं आणि धुक्यामागून काळी भिंत चढत येत होती. तिने हाक मारली, "होऽऽऽ!" खाली कुठेतरी वल्ही वाजत होती. हाकेसरशी वल्ही थांबली. म्हणजे हाक पोचली होती. पण ओ आली नाही. तिने पुन्हा हाक मारली, तर वल्ही घाईघाईने लांब जाऊ लागली, खोल दर्याकडे, त्या काळ्या भिंतीकडे.

तेव्हा तिला आठवलं. माडगळचे खलाशी नुसत्या हाकेला कधी ओ देत नसत. पाण्यातलं भूत, गिऱ्हा, माणसाच्या आवाजात बोलावतो आणि होडी खडकावर नेतो. मात्र माणसाचं नाव काही त्याला घेता येत नाही. नावाने हाक आली, तरच ओ द्यायची.

आणि त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे अनशीने पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. नाव घ्यावं तर त्याचं आयुष्य तुटतं, न घ्यावं तर ते आजच बुडतंय. तिने डोळे घट्ट मिटले.

"धाकूऽऽऽ! धाकू तांडेलाऽऽऽ!"

जन्मभर जी दचकत आली, तिच्या त्या हाकेने कडाच दचकला, असं म्हणतात. गावात बायकांच्या हातातले हंडे निसटले. परसातल्या आंब्यावरची सगळी पांढरी फुलं एका झटक्यात उडाली, घरांवरून गेली, कड्यावरून गेली आणि धुक्यात शुभ्र वाट आखत दर्यावर उतरली.

म्हणून माडगळात आजही घरोघरी वळचणीला सोडणात बांधलेलं पाखरूफूल असतं. त्याला कुणी माती लावत नाही. होड्या लोटायच्या दिवशी घरातली बाई आधी मुळं बघते. मुळं चंदेरी झाली, तरच होडी पाण्यात. मग साऱ्या बायका कड्यावर जातात आणि आपापल्या माणसांना नावाने हाका मारतात. पहिली हाक मारायचा मान गावातल्या सगळ्यात भित्र्या सुनेचा. तिला "भो" करायची कुणाची छाती होत नाही. खालून ओ आल्याशिवाय कुणी कड्यावरून उतरत नाही.

आणि त्या दिवशी? त्या दिवशी अनशी डोळे मिटून, कान देऊन उभी होती. वारा उठला. पहिला टपोरा थेंब तिच्या कपाळावर पडला, आणि ती दचकली नाही. खाली धुक्यात वल्ही थांबली होती. मग होड्या वळल्या, किनाऱ्याच्या दिशेने वल्ही सपासप वाजू लागली, आणि त्या पांढऱ्या पाखरांच्या मागून तिच्या ओळखीचा आवाज आला,

"ओऽऽऽ! येतंव गोऽऽऽ!"