नगाऱ्यावर ठरणारा दर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही आणि राजाचंही नाही. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी, त्यातही दुकान मांडून बसलेल्यांनी, जरा सरसावून ऐकावी.

एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात राजाची मोठी वखार होती. सोमवार ते गुरुवार वखारीची दारं उघडी असत आणि राजाची माणसं तिथे माल खरेदी करत. त्यामुळे दर सोमवारी घाटमाथ्यावरून व्यापाऱ्यांच्या बैलगाड्या खाली येत. कुणी विड्याची पानं आणी, कुणी घोंगड्या, कुणी गूळ, कुणी तांब्याची भांडी. चार दिवस व्यवहार करून शुक्रवारी मंडळी घरची वाट धरत.

ही सगळी माणसं मुक्कामाला उतरत भिवबाच्या सराईत. चौदा खोल्या, बैलांसाठी ऐसपैस आवार, आणि भिवबाची बायको सारजा हिच्या हातची ज्वारीची भाकरी नि भरीत. खोलीचा दर रात्रीला चार रुके. रुका म्हणजे त्या राज्यातलं तांब्याचं नाणं. भिवबाच्या वडिलांपासून चार म्हणजे चार.

सराई मात्र भिवबाची नव्हती, राजाची होती. राजाने ती चालवायला देताना एक अट घातली होती. दसऱ्याआधीच्या बुधवारी रात्री राजाचा कारकून येईल आणि खोल्या मोजील. निम्म्याहून कमी भरलेल्या दिसल्या, तर सराई दुसऱ्याच्या हाती जाईल. या अटीची भिवबाच्या घरात कधी कुणी धास्ती घेतली नव्हती, कारण बुधवारी सराईत पाय ठेवायला जागा नसायची.

भिवबा कामाला वाघ होता आणि स्वतःच्या अकलेवर त्याचा भारी भरवसा होता. खरं सांगायचं तर ती अक्कल वाईट नव्हतीच. फक्त ती एकदा धावायला लागली की थांबत नसे.

त्या वर्षी चैत्रात देवीची जत्रा भरली. भिवबाने आपल्या मेहुण्याला नगारा देऊन घाटमाथ्यावर बसवलं आणि सांगितलं, "पाच गाड्या खाली उतरल्या की एक टोला हाण. दर टोल्याला मी खोलीचा दर एक रुक्याने वाढवणार."

जत्रेच्या दिवशी आठ टोले पडले. दर चारावरून बारावर गेला. लोकांनी कुरकुर केली, हसले आणि देऊन टाकले. वर्षातून एकदा देवीला आलेला माणूस बारा रुक्यांसाठी माघारी कुठे जाणार? त्या दिवशी भिवबाचे पाय जमिनीला लागेनात.

"अगं, आपण इतकी वर्षं झोपलो होतो," तो सारजेला म्हणाला. "हेच सोमवार ते गुरुवार करायचं. जत्रेकरू हौसेने येतो, तो न आला तरी त्याचं काही अडत नाही. व्यापाऱ्याला तर यावंच लागतं. ज्याला यावंच लागतं, तो मुकाट्याने देणार."

सारजा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अहो, रोजच्या माणसाला जत्रेकरू समजू नका. तो माणूस आपल्याला ओळखतो."

"ओळखतो म्हणूनच देईल," भिवबा म्हणाला आणि विषय मिटला.

पुढच्या आठवड्यापासून दर सोमवारी नगारा वाजू लागला. कधी दर पाच, कधी सात, कधी नऊ. पहिला येणारा स्वस्तात निजे, शेवटचा येणारा दुप्पट मोजे. व्यापारी काही बोलले नाहीत. भिवबाला वाटलं, मान्य झालं.

आता गंमत अशी, की नगारा होता घाटमाथ्यावर, आणि व्यापाऱ्यांची वाट होती नेमकी नगाऱ्याला खेटून. आयुष्यभर भाव करण्यात मुरलेली माणसं ती. तिसऱ्याच आठवड्यात ती चार-चार गाड्यांनी उतरू लागली. चार गाड्या खाली गेल्या की बाकीचे झाडाखाली बसून पान जमवत. मेहुणा पाचव्या गाडीची वाट बघत टिपरू उचलून बसे. बराच वेळ गेला, की मागची मोजणी सोडून नव्याने सुरुवात करी. तेवढ्यात पुढच्या चार निघत.

"दाजी, दिवसभरात एकपण टोला पडला नाही," मेहुण्याने येऊन सांगितलं.

भिवबाला ही आपल्या अकलेची थट्टा वाटली. त्याने पुढच्या सोमवारपासून गाडीमागे एक टोला करून टाकला.

मग गाड्या खाली उतरायच्याच बंद झाल्या.

व्यापारी वरच राहू लागले. माथ्यावर मोकळा माळ होता आणि पाण्याचा झरा होता. कुणी तंबू ठोकले, कुणी गाडीखालीच अंथरूण टाकलं. वरच्या वस्तीतल्या चंद्राक्का नावाच्या बाईने चूल मांडली आणि पिठलं-भाकरी विकू लागली. आठ दिवसांत वखारीची माणसंच माल बघायला सकाळी घाट चढून वर जाऊ लागली. खाली गावातला नालबंद हात बांधून बसला, तेली बसला. सराईत चौदापैकी एखाद-दुसरी खोली भरे, तीही वाट चुकलेल्या माणसाने. असेच महिने गेले आणि दसऱ्याला पाच आठवडे उरले.

भिवबाने दर खाली आणला. चाराचे तीन केले, तिनाचे दोन. तरी कुणी फिरकलं नाही. आता मात्र त्याची झोप उडाली. सराईतच त्याचा जन्म झाला होता. ती गेली, तर सारजेला घेऊन जायला त्याला दुसरं घर नव्हतं. एका सकाळी उंबरठ्यावर बसून तो म्हणाला, "दोन रुक्यांतसुद्धा येत नाहीत. फुकट ठेवू काय यांना?"

"दर किती हवा, ते तुम्ही मला विचारता, नगाऱ्याला विचारता," सारजा म्हणाली. "जे देणार, त्यांना कधी विचारलंत?"

भिवबाने पागोटं बांधलं आणि घाट चढायला लागला.

वर माळावर लिंगाप्पा बसला होता. हा पानांचा म्हातारा व्यापारी. बावीस वर्षं दर सोमवारी सराईतल्या एकाच खोलीत तो उतरत आला होता. आता तो गाडीखाली ओलाव्यात झोपत होता आणि खोकत होता. ते बघून भिवबाला वाईट वाटलं आणि रागही आला.

"अप्पा, खाली कोरडी खोली आहे. दर दोन रुक्यांवर आणलाय. तरी तुम्ही इथे थंडी खाताय. माझ्यावर एवढा राग?"

लिंगाप्पाने पानाला चुना लावत त्याच्याकडे पाहिलं. "राग कशाचा, भिवबा? आज दोन. उद्या?"

भिवबा त्याच्यासमोर गाडीच्या चाकाशी टेकला.

"अरे, आम्ही घरून निघतो तेव्हाच पानाचा भाव ठरवून निघतो," लिंगाप्पा म्हणाला. "बैलांचा चारा किती, वाटेचा कर किती, तुझी खोली किती, सगळं त्यात धरलेलं असतं. चार असले तर चार धरीन, सहा असले तर सहा धरीन आणि पान तेवढं महाग विकीन. पण किती, ते मला निघताना कळायला नको? तुझ्या नगाऱ्यापायी आम्ही एकमेकांच्या पुढे गाड्या हाकायला लागलो. एकाचा बैल पडला, तर मागचे खूश व्हायला लागले, की चला, एक टोला वाचला. तो प्रकार नको वाटला, म्हणून वर राहिलो."

बाजूला तांबट बसला होता, तांब्याची भांडी विकणारा. तो म्हणाला, "आणि खोली मिळेल का नाही, तेही कळत नाही. मागच्या खेपेला माझी खोली तू एका जवाहिऱ्याला दिलीस ना? त्याने दोन रुके जास्त टाकले म्हणून."

भिवबाच्या मनात आलं, आपण आजवर यांना खोली विकतोय असं समजत होतो. हे घेत होते ती निश्चिंती. तीच आपण काढून घेतली आणि वर जास्त पैसे मागितले. त्याला स्वतःची लाज वाटली.

पण भिवबा तो भिवबाच. लाज वाटली म्हणून त्याने मान खाली घातली नाही. तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"सोमवार ते गुरुवार खोलीचा दर पाच रुके. चार नाही, पाच, कारण खोल्यांची छपरं मला शाकारायची आहेत. पण पाच म्हणजे वर्षभर पाच. एक गाडी येवो नाहीतर शंभर. आणि ज्याने खोली सांगून ठेवली, त्याची खोली त्या रात्री त्याचीच. किती का उशीर होईना, तिच्यात दुसरं कुणी झोपणार नाही. जत्रेच्या दिवशी मात्र मी माझा राजा. तेव्हा मला कुणी बोलायचं नाही."

माळावर हशा पिकला. दोनावरून पाचावर गेलेला दर ऐकून कुणी उठून गेलं नाही, याचं मेहुण्याला मोठं नवल वाटलं.

"बघू," लिंगाप्पा म्हणाला. "एकदा फसवलंस, आता एकदा दाखव. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्हाला घरी काम आहे, त्यामुळे आम्ही सोमवारऐवजी बुधवारी येऊ. आम्हा अकरा जणांच्या खोल्या धर."

"धरल्या," भिवबा म्हणाला.

घाट उतरताना त्याच्या ध्यानात आलं, की तोच बुधवार मोजणीचा.

तो बुधवार उजाडला. दुपारी राजाचा कारकून आला. मोजायला आलेला असला तरी त्यालाही झोपायला जागा हवीच होती, म्हणून त्याने एक खोली घेतली आणि पाच रुके मोजले. दुपार कलली, तरी घाटातून एकही गाडी उतरली नव्हती.

तेवढ्यात दारात घोडे थांबले. एका बड्या सरदाराचा लवाजमा दसऱ्याच्या दरबाराला निघाला होता. त्याचा दिवाण खाली उतरला आणि म्हणाला, "सगळी सराई पाहिजे. खोलीमागे पंधरा रुके."

भिवबाने मनात हिशेब मांडला. हो म्हटलं, की सगळ्या खोल्या भरणार, कारकून खूश, सराई वाचली. वर तिप्पट पैसे.

"दिवाणजी, चौदापैकी एक खोली गेली आहे. अकरा सांगून ठेवलेल्या आहेत," तो म्हणाला. "दोन मोकळ्या आहेत. त्या घ्या, पंधराच्या नाही, पाचाच्या दराने."

"सांगून ठेवलेल्या? इथे तर माणूस दिसत नाही."

"येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर त्या रिकाम्या राहतील," भिवबा म्हणाला.

दिवाणाला सगळी सराई हवी होती, दोन खोल्यांवर त्याचं भागत नव्हतं. लवाजमा धूळ उडवत पुढच्या गावी निघून गेला. सारजा दारात उभी राहून सगळं बघत होती. भिवबाला वाटलं, आता ही बोलेल. तिने नुसतं अकरा माणसांचं पीठ काढलं आणि मळायला घेतलं.

दिवेलागण झाली. चौदा खोल्यांपैकी एकाच खोलीत दिवा होता, आणि त्यात बसला होता मोजायला आलेला माणूस. तो ओसरीवर आला.

"भिवबा, एकच भरली आहे, आणि ती माझी. सरदाराला खोल्या दिल्या असत्यास, तर मी आत्ता सराई भरलेली लिहिली असती. हे तुला ठाऊक होतं?"

"होतं, पंत."

"मग?"

"त्या खोल्या माझ्या नव्हत्याच. दिलेल्या होत्या," भिवबा म्हणाला. "पंत, सराई गेली तर मला फार दुःख होईल. आजच रडू येतंय. पण आज त्या परत घेतल्या असत्या, तर पुढच्या सोमवारी मी कुणाला काय सांगणार होतो?"

पंतांनी हुकुमाचा कागद दिव्याजवळ धरला. "हुकुमात बुधवारची रात्र असं लिहिलं आहे. दिवेलागण असं नाही. रात्र उजाडेपर्यंत असते. आधी जेवायला वाढा."

पंतांचं जेवण आटपत आलं, तेव्हा घाटाकडून घुंगरांचा आवाज आला. पलित्यांच्या उजेडात एकामागून एक गाड्या आवारात शिरल्या. पुढे लिंगाप्पा, त्याच्या गाडीत पानांच्या करंड्यांवर रचलेली तांब्याची भांडी. प्रत्येक गाडीत थोडी थोडी भांडी होती. शेवटी तांबट चालत आला, बैलांची दोरी हातात धरून.

"घाटात याच्या गाडीचा आस मोडला," लिंगाप्पा उतरत म्हणाला. "सगळा माल वाटून घेतला, त्यात वेळ गेला. नगारा असता, तर त्याची गाडी कडेला ढकलून पळालो असतो. आज म्हटलं, कशाची घाई? खोली तर आहेच."

भिवबा पुढे झाला. त्याने म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतः त्याच्या खोलीत नेऊन ठेवली. सराईत अकरा दिवे लागले. पंतांनी आपला धरून बारा मोजले आणि तसंच लिहून घेतलं.

सराई भिवबाकडेच राहिली. सगळं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. पाच-सहा गाड्यांना चंद्राक्काच्या पिठल्याची चटक लागली होती, त्या वरच थांबत राहिल्या. आपल्याच हाताने घालवलेलं सगळंच परत येत नसतं, हे भिवबाने निमूटपणे गिळलं. उरलेल्या खोल्या मात्र सोमवार ते गुरुवार कधी ओस पडल्या नाहीत. पुढे पाचाचे सहा झाले तेव्हा भिवबाने ते वर्षभर आधी सांगितलं, आणि व्यापाऱ्यांनी घरून निघतानाच सहा रुके कंबरेला बांधले.

या गोष्टीचं सार एवढंच: नेहमीचं गिऱ्हाईक चढा दर सोसतं, पण बेभरवशाचा दर सोसत नाही.